फोल्डर नवं, पत्ता जुना : स्प्रेडशीटच्या दुव्यांचा इतिहास

एक्सेलच्या फाइली एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करण्यात इतिहास कसला आलाय, असा प्रश्न आजचं शीर्षक वाचून पडला असेल. इतिहास आहे, आणि बराच जुना आहे. तो समजला नाही तर काय होतं, ते आधी एका साध्या उदाहरणाने बघू.

समजा, एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांकडे दोन एक्सेल फाइली आहेत. एकीत दर आहेत : देखभाल शुल्क, पाणीपट्टी, पार्किंग, सिंकिंग फंड. दुसरीत सदनिकांची बिलं. बिलांच्या फाइलीतले आकडे कोणी हाताने लिहीत नाही, ते दरांच्या फाइलीतून दुव्याने, म्हणजे ज्याला आपण सगळे लिंक म्हणतो त्याने, आपोआप येतात. एप्रिल उजाडला. सचिवांनी जुन्या वर्षाच्या कामावरून नव्या वर्षाचं फोल्डर तयार केलं आणि सर्वसाधारण सभेने मंजूर केलेले नवे दर नव्या दरपत्रकात भरले. आता बिलं कुठल्या दराने निघतील?

उत्तर असं की, ते फोल्डर तयार कसं केलं यावर अवलंबून आहे. नव्या दराने निघतील किंवा जुन्याही. जुन्या दराने निघाली तर पडद्यावर लाल अक्षरात काही येईलच असं नाही. बेरजा जुळतील, बिलं छापली जातील, वाटली जातील. तीन महिन्यांनी कोणीतरी सभासद विचारेल, की दर वाढला होता ना? मग फरकाची बिलं, मग तक्रारी, मग सचिवांवर संशय.

गोंधळाचं मूळ एका दुहेरी अर्थात आहे. ‘वाण्याकडून साखर आण’ असं आपण घरात म्हणतो, तेव्हा कुठला वाणी हे सांगत नाही. कोपऱ्यावरचा. घर बदललं की कोपरा बदलतो, वाणीही बदलतो, वाक्य मात्र तेच राहतं. पण ‘अमुक पेठेत, अमुक देवळासमोरच्या वाण्याकडून आण’ असं लिहून ठेवलं असेल, तर घर पार ठाण्याला गेलं तरी चिठ्ठी पेठेतच पाठवणार. दोन फाइलींमधला दुवा या दोनपैकी एक काहीतरी म्हणत असतो. एकाच जागी राहत असताना दोन्हींचा अर्थ एकच निघतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. फरक उघडा पडतो तो घर हलवताना.

हीच अडचण कागदाच्या वह्यांनाही होती. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात दुहेरी नोंदीच्या हिशोबपद्धतीवर एक प्रकरण आहे. पद्धत त्याने शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्याने ती नीट मांडून छापली. त्यात तीन वह्या सांगितल्या आहेत. पहिली कच्च्या नोंदींची, दुसरी रोजकीर्द, तिसरी खतावणी. रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत चढवली की रोजकीर्दीच्या समासात खतावणीच्या पानांचे दोन आकडे लिहायचे, एक नावेचं पान, एक जमेचं पान. आपल्याकडे वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना ‘खा. पा.’ हा रकाना आठवत असेल. खाते पान. तोच हा. हा दुवाच आहे, फक्त तो पाळायला बोटाने पान उलटावं लागतं.

आता वही भरली किंवा वर्ष संपलं तर? ‘खाते पान १७’ म्हणजे कुठल्या खतावणीचं १७वं पान? पाचोलीने याचं उत्तर दिलंय, आणि आमच्या मते त्या प्रकरणातला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करा, असं तो सांगतो. पुढच्या संचावर ए, त्यापुढच्या संचावर बी. आणि ही खूण तिन्ही वह्यांवर एकच हवी. म्हणजे ए खुणेच्या रोजकीर्दीतलं १७वं पान हे ए खुणेच्याच खतावणीतलं. पानाचा आकडा सापेक्ष, वहीवरची खूण पक्की. आपल्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक संच हे एक फोल्डर आणि खूण हे त्या फोल्डरचं नाव.

पुढची गोष्ट अशी, की जुन्या खतावणीतून नवीत शिल्लक आपोआप येत नसे. ती हाताने न्यावी लागे. त्याआधी पडताळणी : एकाने रोजकीर्द हातात धरून नोंद वाचायची, दुसऱ्याने खतावणीत ती शोधून खूण करायची. जुनं खातं बंद, नवं सुरू. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते आणि पाडव्यापासून तिच्यात लिहायला घेतात, तेव्हाही मागची बाकी कोणीतरी बसून, बघून, नव्या वहीत ओढतो. हे काम कंटाळवाणं खरंच. पण त्या कंटाळ्यातच ‘हा आकडा अजून खरा आहे का?’ हा प्रश्न दरवर्षी एकदा विचारला जाई.

आता एकदम जवळजवळ पाचशे वर्षं पुढे येऊ.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू या संगणकासाठी व्हिसिकॅल्क आणलं. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे डोळ्यांदेखत बदलतात, ही गंमत सामान्य माणसाला पहिल्यांदा घरच्या संगणकावर दिसली. तक्ता ६३ स्तंभ आणि २५४ ओळींचा. पण प्रत्येक तक्ता एकटा होता. एकातले आकडे दुसऱ्यात न्यायचे तर वेगळ्या प्रकारच्या फाइलीत नुसत्या किमती उतरवायच्या आणि दुसऱ्या तक्त्यात त्या भरायच्या. सूत्रं येत नसत, नातं उरत नसे. म्हणजे वहीतून वहीत बाकी ओढण्यासारखंच.

आणि फोल्डर? ॲपल टूच्या त्या वेळच्या डिस्कवर फोल्डरच नव्हते. फ्लॉपीवर फाइलींची एक सरळ यादी. वर्ष बदललं की नवी फ्लॉपी घ्यायची आणि लेबलवर पेनाने वर्ष लिहायचं. पाचोलीची खूण इथे लेबलावर आली, असं म्हणा हवं तर.

फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, ही झाडासारखी रचना मोठ्या संगणकांवर आधीच आली होती. १९६५ मध्ये रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीच्या फाइल-व्यवस्थेवर एक निबंध वाचला. त्यात ही झाडाची रचना आहे, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीला ‘लिंक’ हाच शब्द आहे. पुढे युनिक्सने ही कल्पना उचलली. मुळापासून पूर्ण पत्ता, किंवा आपण आत्ता जिथे उभे आहोत तिथून पुढचा पत्ता, असे दोन्ही तिथे चालत. साध्या पीसीवर हे आलं मार्च १९८३ मध्ये, एमएस-डॉस २.० बरोबर, कारण आयबीएमच्या नव्या पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि एवढ्या जागेत सरळ यादी पुरेना. जाता जाता एक गंमत : विंडोजच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ असते, ती याच वेळची. सरळ तिरकी रेघ डॉसमध्ये आदेशांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती.

तारखा बघा. मायक्रोसॉफ्टचं मल्टिप्लॅन १९८२चं, आणि त्यात दुसऱ्या तक्त्यातला भाग जोडून आणायची सोय होती. लोटस १-२-३ बाजारात आलं जानेवारी १९८३ मध्ये. त्यात सुरुवातीला दुसऱ्या फाइलीतले आकडे एकदाच आणून मिसळता येत, कायमचं नातं नसे. खरे दुवे लोटसमध्ये १९८९च्या आवृत्त्यांत आले. एक्सेलमध्ये ते सुरुवातीपासून होते, १९८५च्या मॅकवरच्या पहिल्या आवृत्तीपासून. म्हणजे फाइलींमधला दुवा आणि फोल्डर या दोन गोष्टी पीसीवर साधारण एकाच सुमारास, पण वेगवेगळ्या दारांनी आल्या. दुवा लिहिताना फाइलीचा पत्ता द्यायचा, तर ‘फोल्डर हलवलं तर काय’ याचं उत्तर ठरवणं भाग होतं. कोणीतरी ते ठरवलं. आपल्याला विचारलं नाही.

एक्सेलने काय ठरवलं? सूत्रात दुसऱ्या फाइलीचं नाव चौकटी कंसात असतं, मग शीटचं नाव, उद्गारचिन्ह आणि सेलचा पत्ता. ती दुसरी फाइल बंद असेल तर सूत्रपट्टीत नावाआधी सी ड्राइव्हपासूनचा लांबलचक पूर्ण पत्ता दिसतो. तो बघून कोणालाही वाटेल, की दुवा त्या जागेला खिळ्याने ठोकलाय. तसं नसतं. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात असतील तर एक्सेल आत साठवतं ते नुसतं नाव. स्रोत फाइल पोटफोल्डरात असेल तर तेवढाच पुढचा पत्ता. फाइल उघडताना ‘आत्ता मी कुठे आहे’ हे बघून ते उरलेला पत्ता जोडतं आणि पूर्ण करून दाखवतं. स्रोत वेगळ्या ड्राइव्हवर असेल तर मात्र खरोखरच पूर्ण पत्ता साठवला जातो. म्हणजे साठवताना कोपऱ्यावरचा वाणी, दाखवताना पेठेचा पत्ता. हे सोयीसाठी केलंय यात शंका नाही. पण वापरणाऱ्याला जे दिसतं ते जे साठवलंय त्यापेक्षा वेगळं असणं, हिशोबाच्या साधनात हे आम्हाला पटत नाही.

खात्री करायची तर करता येते. २००७ पासूनची एक्सेलची फाइल ही आतून एक झिप असते. कॉपी घेऊन तिचं एक्स्टेंशन बदललं आणि ती उघडली, तर आत बाहेरच्या दुव्यांसाठी एक वेगळं फोल्डर सापडतं. त्यात प्रत्येक स्रोत फाइलीचा साठवलेला पत्ता साध्या मजकुरात असतो, आणि शेजारी त्या फाइलीतून शेवटचे आणलेले आकडेही. या आकड्यांकडे परत येऊ.

आता सचिवांच्या फोल्डरकडे. त्यांनी विंडोजमध्ये अख्खं फोल्डर कॉपी केलं असेल, दोन्ही फाइली एकत्र, नावं न बदलता, तर काम झालं. आत नुसतं नाव साठवलेलं आहे, नव्या फोल्डरात त्या नावाची फाइल शेजारीच आहे, दुवा तिला धरतो. बिलं नव्या दराने निघतात.

पण समजा, त्यांनी फोल्डर कॉपी केलं नाही. जुनी बिलांची फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि ‘सेव्ह ॲज’ करून नव्या फोल्डरात ठेवली, मग तसंच दरपत्रकाचं. बहुतेक लोक असंच करतात. इथे एक्सेल वेगळं वागतं. ‘सेव्ह ॲज’ करताना ते समजतं, की ही फाइल आता दुसरीकडे चालली आहे, पण तिचा स्रोत तर जुन्याच जागी आहे, तेव्हा दुवा तुटू नये म्हणून पत्ता दुरुस्त करू या. नव्या फोल्डरातली बिलं इमानदारीने जुन्या फोल्डरातल्या दरांकडे बघत राहतात. नवं दरपत्रक शेजारी आहे, त्यात नवे दर आहेत, आणि त्याला कोणी विचारत नाही. एकाच कामाच्या दोन पद्धती, दोन उलटी उत्तरं.

‘सेव्ह ॲज’च करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. दोन्ही फाइली एकाच वेळी उघड्या ठेवायच्या. आधी स्रोत, म्हणजे दरपत्रक, नव्या जागी सेव्ह करायचं. बिलांची फाइल उघडी असल्यामुळे तिच्यातला दुवा स्रोताच्या मागोमाग नव्या जागी जातो. मग बिलांची फाइल सेव्ह ॲज. इथेही एक खड्डा आहे. दरपत्रक नव्या जागी गेल्यावर बिलांची फाइल चुकून साधी ‘सेव्ह’ केली, तर मागच्या वर्षीची जुनी बिलं नव्या दरांकडे बघू लागतात. मागच्या वर्षाचा इतिहास बदलतो. लेखापरीक्षकांनी त्या वर्षाची फाइल मागितली की त्यात या वर्षीचे दर!

आता त्या साठवलेल्या आकड्यांबद्दल. स्रोत सापडला नाही तर एक्सेल सहसा सेल रिकामी ठेवत नाही. शेवटचा माहीत असलेला आकडा दाखवत राहतं. उघडताना ‘दुवे अद्ययावत करायचे का’ असं विचारतं, पण रोज विचारलं की माणूस न वाचता काहीतरी दाबतो, हा मनुष्यस्वभाव आहे. कागदाच्या वहीत खाते पान चुकलं तर त्या पानावर भलतंच खातं निघे आणि चूक डोळ्याला टोचे. इथे चूक बरोबर आकड्याचे कपडे घालून बसते.

मग दुवेच नकोत, हाताने कॉपी-पेस्ट करू, असं काहीजण म्हणतात. त्याचाही इतिहास आहे, आणि महागडा आहे. जेपी मॉर्गन या अमेरिकन बँकेच्या लंडन कार्यालयात २०१२ साली एका व्यवहारसमूहात सुमारे ६.२ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. ‘लंडन व्हेल’ या नावाने ते प्रकरण गाजलं. बँकेने स्वतःच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. धोका मोजण्याचं त्यांचं नवं मॉडेल एक्सेलच्या अनेक शीट्समधून चालत होतं आणि एका शीटमधून दुसरीत आकडे माणसं हाताने कॉपी-पेस्ट करत होती, असं त्यात नोंदलंय. शिवाय एका सूत्रात सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं होतं, त्यामुळे धोका प्रत्यक्षाहून कमी दिसला. सगळं नुकसान एक्सेलमुळे झालं असं म्हणणं चूक ठरेल. निर्णय माणसांचे होते. पण धोक्याचा आकडा ज्या वाटेने वर जात होता ती वाट हाताने जोडलेली होती आणि ती तपासणारी यंत्रणा कमी पडली, हे अहवालात स्पष्ट आहे. पाचोलीच्या व्यापाऱ्यानेही आकडे हातानेच नेले होते. फरक इतकाच, की त्याच्यासमोर दुसरा माणूस वही उघडून बसलेला असे.

ईमेलने या गोष्टीत भर घातली. ईमेलला जोडलेली फाइल म्हणजे फोल्डरमधून एकटी उचललेली फाइल. तिचे शेजारी मागेच राहतात. एनरॉन कंपनी बुडाल्यावर चौकशीत तिचे ईमेल सार्वजनिक झाले आणि संशोधकांनी त्यांतून १५ हजारांहून जास्त स्प्रेडशीट्स वेगळ्या काढल्या. एका कंपनीच्या काही माणसांच्या टपालात एवढ्या! त्यांतली एखादी दुवे असलेली फाइल उघडणाऱ्याला स्रोत मिळणार कुठून? साठवलेल्या आकड्यांवरच निर्णय झाले असणार.

याला तिसरा उपाय म्हणजे पत्ताच काढून टाकायचा आणि प्रत्येक फाइलीला जन्मतः एक ओळखक्रमांक द्यायचा. ॲपलने १९९१ मध्ये मॅकच्या सिस्टम ७ मध्ये ‘एलियस’ आणलं, त्यात ही कल्पना होती : फाइल हलवली, नाव बदललं, तरी एलियस तिला शोधून काढे. आज गूगल शीट्स याच तत्त्वावर चालतं. तिथे एका शीटमधून दुसरीत आकडे आणणारं इम्पोर्टरेंज हे सूत्र फोल्डर बघतच नाही, ते फाइलीचा क्रमांक बघतं. फाइल कुठेही हलवा, दुवा तुटत नाही. हलवण्याचा प्रश्न सुटला.

पण कॉपीचा? कॉपी म्हणजे नवा जन्म, म्हणून नवा क्रमांक. दरपत्रक आणि बिलं दोन्हींच्या कॉप्या काढून नव्या फोल्डरात ठेवल्या, तरी कॉपीतल्या बिलांच्या सूत्रात क्रमांक जुन्याच दरपत्रकाचा असतो. एक्सेलमध्ये अख्खं फोल्डर कॉपी करणाऱ्याला जे फुकट मिळत होतं, ते इथे मिळत नाही. प्रत्येक इम्पोर्टरेंजमध्ये नव्या फाइलीचा क्रमांक हाताने घालावा लागतो आणि परवानगीचं बटण पुन्हा दाबावं लागतं. म्हणून जाणकार तो क्रमांक शीटच्या सुरुवातीला एकाच सेलमध्ये ठेवतात आणि सगळी सूत्रं त्या सेलकडे वळवतात. एक्सेलमध्ये बाहेरचे सगळे आकडे एकाच ‘आवक’ शीटवर आणायचे आणि बाकी सूत्रांनी तिथूनच घ्यायचे, ही पद्धतही त्याच जातीची. दुवे दोनशे असले तरी तपासायची जागा एक. पाचोलीची वहीवरची खूण ती हीच.

मग सचिवांनी काय करावं? एप्रिलमध्ये सगळ्या फाइली बंद करून अख्खं फोल्डर कॉपी करावं, आणि आतल्या फाइलींच्या नावात वर्ष घालू नये, वर्ष फोल्डरच्या नावात पुरे. मग नवी बिलं उघडून डेटा मेनूतली दुव्यांची यादी वाचावी, तिथे प्रत्येक स्रोताचा पत्ता दिसतो. जुनं वर्ष दिसलं तर तिथेच स्रोत बदलता येतो. शिवाय नव्या दरपत्रकात एखादा दर मुद्दाम १ रुपयाने वाढवून बघावा. बिल हललं नाही, तर ते दुसरीकडेच बघतंय.

आणि जुन्या वर्षाची फाइल? लेखापरीक्षण झाल्यावर तिची एक प्रत घेऊन त्या प्रतीतले दुवे तोडून टाकावेत. ‘ब्रेक लिंक’ केल्यावर सूत्रं जातात आणि त्या दिवशीचे आकडे तेवढे राहतात. परत जोडता येत नाही, म्हणून मूळ फाइलही जपून ठेवायची. पण सभेने मंजूर केलेला हिशोब तो त्या प्रतीतला, पुढे कोणी कुठलंही दरपत्रक कुठेही सेव्ह केलं तरी.